देवधरकाका बरोबर होते

देवधरकाका गेल्याचा निरोप इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी होसूर रोडला गाडीत अडकून बसले होते. निरोपाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी फोन उलटा ठेवला आणि बोम्मसंद्र्याला कारखान्यात पोचेपर्यंत सरळ केला नाही. वाईट वाटलं नाही, हे लिहायला संकोच होतो. पण खोटं लिहायला जास्त होईल. शोकसभेत प्रत्येक जण त्यांना ‘स्पष्टवक्ते’ म्हणाला. हा शब्द वापरण्याआधी, ज्यांना ते ऐकून घ्यावं लागलं त्यांच्या मुलांना विचारायला हवं. आता मंडळाने माझ्याकडे लेख मागितलाय... ‘तुमचा कारखाना त्यांनीच तर वाचवला,’ असं म्हणून. वाचवला. त्याबद्दलच सांगते.

माधव देवधर आणि माझे वडील शरद, म्हणजे अण्णा, एकाच सरकारी कारखान्यात एकाच दिवशी इंजिनियर म्हणून रुजू झाले. अण्णांनी लवकर नोकरी सोडली आणि पंपांना लागणारी रबरी सील बनवण्याचा लहानसा कारखाना काढला. काका तपासणी विभागात राहिले. एकदा त्यांनी आपल्याच साहेबांनी मंजूर केलेला माल भर बैठकीत नापास केला. माल खरंच खराब होता. साहेबांनी त्यांची रवानगी रेकॉर्ड रूममध्ये केली. तिथल्या धुळीत काही वर्षं काढून त्यांनी राजीनामा दिला, पण घरी बसवेना. हेब्बाळला त्यांच्या शेजारी एक बाई इडलीचं पीठ पिशव्यांत भरून दुकानांना पुरवायच्या. दुपारपर्यंत पिशव्या फुगून फुटायच्या. बाईंनी तांदूळ बदलून पाहिला, फ्रीज बदलला. काका मात्र दोन दिवस पिठाच्या स्कूटरवर मागे बसून फिरले. स्कूटर रोज चहाच्या टपरीसमोर तासभर उन्हात उभी असायची. चालवणारा बाईंचा दीर. काकांनी घरातल्या सगळ्यांसमोर त्याच्याकडे बोट दाखवलं. पिशव्या फुगायच्या थांबल्या आणि दीर घर सोडून गेला. त्यानंतर कुणी बेकरीवाला त्यांना बोलवायला लागला, कुणी छापखानेवाला. “लहान धंद्यात यंत्र क्वचित बिघडतं, बिघडतो तो माणूस,” ते म्हणायचे, “आणि माणसाला नाव असतं.” ते नाव घेताना त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरायचं. मला ते कधीच आवडलं नाही.

आमच्याकडे त्यांना अण्णांनीच बोलावलं. आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडून माल परत यायला लागला होता. सीलच्या कडेला बारीक चिरा निघत होत्या. पुढचा माल असाच आला तर आम्ही दुसरीकडे जाऊ, असं त्यांनी कळवलं होतं. अण्णा प्रत्येक सील हातात घेऊन, कडेवरून अंगठा फिरवून स्वतः तपासायचे. काका तीन दिवस येऊन नुसते उभे राहिले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चौदाच्या चौदा कामगारांना गोळा केलं आणि सगळ्यांना कळावं म्हणून कन्नडमध्ये बोलले.

“प्रेस ठीक आहे, रबर ठीक आहे. शरद, तुला दिसत नाही. चिरा पडलेला माल तूच पास करतोस. इथे हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त तुला नाही.”

अण्णांनी लक्ष्मक्काकडे पाहिलं. ती आमची सगळ्यांत जुनी कामगार. तिने मान खाली घातली. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “सरी,” म्हणाले; कन्नडमध्ये ‘बरं’. मग हात धुतले आणि गाडीत जाऊन बसले. त्यानंतर ते कारखान्यात एकदाही आले नाहीत; कारखाना आणि माल तपासणं माझ्याकडे आलं.

माल परत येणं दोन महिन्यांत थांबलं. गिऱ्हाईक टिकलं, चौदा घरं टिकली. घरी अण्णा मात्र सकाळी कॉफीच्या लोट्याच्या कडेवरून अंगठा फिरवत बसायचे... कॉफी निवून जायची. डोळ्यांच्या ऑपरेशनला नको म्हणाले. “आता बघायचंय काय?” दीड वर्षाने ते गेले.

काका तेराव्याला आले. सगळे जेवत असताना मी त्यांना गॅलरीत गाठलं.

“काका, तुम्ही त्यांना एकट्यात सांगू शकला असता.”

“एकट्यात त्याने ऐकलं नसतं. चाळीस वर्षं ओळखत होतो मी त्याला.”

“म्हणजे चारचौघांत सांगून त्यांचं काय होईल, हेही तुम्हाला माहीत होतं.”

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. “होतं,” म्हणाले, आणि पानावर जाऊन बसले. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. रस्त्यात ते दिसले तर मी दुकानात शिरायचे. मी चुकत असेन; पण ते बरोबर होते म्हणून त्यांना माफ करायला मला आजही जमत नाही.

आमचं काम संपवून जाताना काकांनी कारखान्यात एक तपासणीचं टेबल मांडून घेतलं होतं. माल मालकाने पास केला तरी तो पुन्हा या टेबलावर येणार, आणि इथे बसणाऱ्याचा शब्द शेवटचा. तिथे आता लक्ष्मक्का बसते. गेल्या आठवड्यात ती माझ्या केबिनमध्ये आली आणि आतून दार लावून घेतलं. आजवर तिने असं कधी केलं नव्हतं.

“अक्का,” ती हळू आवाजात म्हणाली, “स्वल्प डोळे दाखवून घ्या. काल तुम्ही बघितलेल्यातली तीन सील खराब होती. मी बाजूला काढलीत. कुणाला बोलले नाही.”

मी “सरी” म्हणाले. तिने माझ्या बाटलीतलं पाणी ग्लासात ओतून पुढे सरकवलं, दार उघडलं आणि टेबलाशी जाऊन बसली. बाहेर प्रेस चालूच होत्या, कुणी वळूनही पाहिलं नाही. लक्ष्मक्का मालकाला चूक दाखवायला शिकली ती देवधरकाकांमुळे, हे मला कबूल करावंच लागतं. दार लावून घ्यायला मात्र ती त्यांच्याकडून शिकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मला एकट्यात सांगितलं होतं, काका... आणि मी ऐकलं.