चार उंबरे

नवं घर बांधताना मला हौस एकच होती. पुढच्या खोलीला जमिनीपासून तुळईपर्यंत उंच खिडक्या हव्या. गिरणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यात तशा पाहिल्या आणि माझं डोकं फिरलं. बायको म्हणाली, "जिच्यातून म्हैस आत येईल, तिला खिडकी म्हणायचं?" मी हायस्कुलात शास्त्र शिकवणारा मास्तर. असल्या बोलण्याकडे लक्ष देत नसे.

चौकटी बसवायच्या त्याच दिवशी अकराला शाळेत इन्स्पेक्टर येणार होते. माझा पाठ पाहून नोकरी कायम करायची की नाही ते ठरवणार होते. पाठ ग्रहणाचा होता. राहू-केतू म्हणजे थोतांड, हे मुलांना पटवायचं. सकाळी आठला मी ओळंबा धरून खोलीत उभा राहिलो. म्हातारा गवंडी बाहेरून काम करत होता. दाराखाली आणि तिन्ही खिडक्यांखाली त्यानं दगडाची बैठक रचली, चुना भरला, वर चौकटी उभ्या करून टेकू दिले. मग चारी ठिकाणी हळद-कुंकू वाहून नारळ ठेवले.

"खिडकीला कशाला?" मी विचारलं.

"जमिनीला टेकली की उंबराच की, मास्तर. आता घरच्या लक्षुमीचं पाऊल पडल्याबिगर कुणी वलांडायचं न्हाय."

"अहो, मी आत आहे."

"व्हय, दिसतंय की."

"आणि ओलांडलं तर?"

"तुमची मर्जी. आमी थापी उचलतो, दुसरा गवंडी बगा."

माळवद अजून अर्धं उघडं होतं. दुसरा गवंडी कुठून आणू? मागच्या भिंतीला दार नाही, एक झरोका, त्यालाही गज. आमच्या घरची लक्ष्मी भाजीला नवी पेठेत गेलेली. कामावरच्या बाईला तिच्यामागे धाडलं आणि मी उभा राहिलो, टोपीपासून टाचेपर्यंत रस्त्याला दिसत. साहेबाच्या बंगल्यात हे सुचलंच नव्हतं, की बाहेरचं जेवढं आपल्याला दिसतं तेवढेच आपणही बाहेरच्यांना दिसतो. माणसं थबकू लागली.

"मास्तर, आत काय करताय?" शेजारच्या वकिलांनी विचारलं.

"हवा खातोय."

"सावकाश खा."

पावणेअकराला बायको आली. भाजीची पिशवी खाली ठेवून तिनं चारी नारळ निरखले, मग मला निरखलं.

"तिन्ही खिडक्यांना पडदे लावायचे. जाड. आपल्या सोलापुरी चादरींचे."

"मग खिडक्या कशाला?"

"हेच मी दोन महिने विचारतेय."

"बरं, कबूल. आता पाऊल टाक."

तिनं आधी पाय धुतले. मग दारातून आत आली, पहिल्या खिडकीतून बाहेर, दुसरीतून आत, तिसरीतून बाहेर. दर वेळी उजवं पाऊल, दर वेळी नमस्कार. ओल्या चुन्याला निरीचं टोकही लागू दिलं नाही. मी तिच्यामागोमाग उडी मारून पळालो ते थेट शाळेत.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. इन्स्पेक्टर माझ्याच खुर्चीवर बसले होते.

"घरात कोंडले गेला होता की काय?"

"होय, साहेब."

"दाराला कुलूप?"

"नाही. दारं चार होती, चारी सताड उघडी."

ग्रहणावर पाठ देणाऱ्या माणसाला याहून जास्त सांगता येईना. माझं कायम होणं वर्षभर पुढं गेलं. ते वर्षभर मी त्याच खोलीत पाठ तयार केले, तीन चादरींच्या आड, भर दुपारी कंदील लावून.