हे कोण हायेत तुझे?

तिकीट काढण्याआधी बाई खाली वाकायच्या. गाडीत कोणाच्या शेजारी लेकरू दिसलं की मोठ्या माणसाशी बोलणं नंतर. आधी लेकराच्या डोळ्यासमोर डोळे येतील इतकं वाकायचं आणि विचारायचं, "नाव काय बाळा? आन् हे कोण हायेत तुझे?"

लेकरू म्हणायचं, माझा मामा. किंवा आत्या. किंवा नुसतंच आईच्या पदरात तोंड खुपसायचं. तेवढ्यानं बाईंचं समाधान व्हायचं, मग त्या मशीनची बटणं दाबायच्या. तुम्हीही बसनं फिरत असाल, कंडक्टर नाना तऱ्हेचे पाहिले असतील. कोणी दारात लोंबकळणाऱ्यांवर खेकसतो, कोणी मोकळा रस्ता लागला की डुलकी काढतो. आमच्या बाई लेकरांच्या चौकश्या करायच्या.

मी हिंगोलीच्या डेपोत ड्रायव्हर. बाई माझ्या गाडीवर कंडक्टर म्हणून आल्या आणि पुढे कित्येक वर्षं आमची जोडी राहिली. सकाळी पुसेगावची फेरी, दुपारी औंढ्याची. त्या मला मामा म्हणायच्या, मी त्यांना बाई. सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या त्या. उंच, काटक, खाकी ड्रेसला कायम इस्त्री. बोलणं आमच्यासारखंच, पण रागावल्या की हिंदी अशी सफाईदार निघायची की समोरचा गप्प.

त्यांच्या त्या प्रश्नावरून भांडणं रोजची होती. बायका म्हणायच्या, माझ्याच पोटचं आहे, दिसत नाही का? बाई शांतपणे म्हणायच्या, "तुमाला न्हाई इचारलं ताई, लेकराला इचारलं."

एकदा तर कहरच झाला. नरसीला एक म्हातारे गुरुजी आपल्या नातीला घेऊन चढले. नातीला स्टँडवर कुल्फी मिळाली नव्हती म्हणून ती फुगून बसलेली. बाईंनी वाकून विचारलं तशी ती ठसक्यात म्हणाली, "हे माझे कोणी न्हाईत. मी वळखत न्हाई यांना." बाईंनी घंटी मारली, गाडी थांबली. गुरुजी लालबुंद. त्यांनी मोबाईलमधले वाढदिवसाचे फोटो काढून अख्ख्या गाडीला दाखवले, त्यात नात त्यांच्याच मांडीवर. शेवटी ती पोरगी खुदकन हसली तेव्हा गाडी हलली.

गुरुजींनी रीतसर तक्रार केली. डेपोच्या साहेबांनी गुरुजींसमोर आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. बाईंनी गुरुजींची माफी मागितली, अगदी हात जोडून. साहेब म्हणाले, मग आता हे बंद. तर बाई म्हणाल्या, "न्हाई साहेब. माफी कालची हाय. उद्या मी इचारणारच."

साहेबांनी हात हलवून आम्हाला बाहेर घालवलं. मीही बाहेर आल्यावर म्हणालो, बाई, कशाला एवढं? त्या मशीन गळ्यात अडकवून गाडीकडं निघाल्या.

ते कशाला, हे मला पुढच्या उन्हाळ्यात समजलं. औंढ्याहून परत येताना गाडी बंद पडली. प्रवाशांना मागच्या गाडीत बसवून दिलं आणि मेकॅनिकची वाट पाहत आम्ही दोघं बाभळीच्या सावलीला बसलो. डबा खाऊन झाल्यावर बाईंनी स्वतःहून सुरुवात केली. आवाज चढला नाही की उतरला नाही. दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं सांगत होत्या, म्हणून मीही इथं त्या लेकराला 'ती' म्हणतो.

ती सहा-सात वर्षांची असेल. आईबापासोबत औंढ्याच्या जत्रेला आली होती. गर्दीत बांगड्यांच्या दुकानापाशी हात सुटला. चांगल्या साडीतली एक बाई जवळ आली, म्हणाली, तुझी आई तिकडं स्टँडवर रडून राहिली, चल लवकर. पोर गेली. स्टँडवर आई नव्हती, बस होती.

"मला खिडकीपाशी बसवलं," बाई म्हणाल्या. "कंडक्टर आला. त्यानं त्या बाईला इचारलं, पोरगी कोण? ती म्हनली, भाची. त्यानं हाफ तिकीट दिलं आन् पुढं गेला. मामा, त्यानं मला इचारलं असतं ना, तर मी सांगितलं असतं. माझ्या तोंडात व्हतंच. पन मला कोनी इचारलंच न्हाई."

एक मेंढरांचा कळप रस्ता ओलांडून गेला.

तिला एका मोठ्या शहरात विकलं. शहराचं नाव मी लिहीत नाही. घराच्या वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली, खिडकीला जाळी, दाराला बाहेरून कुलूप. आत अशाच आणलेल्या पोरी, उजाडल्यापासून साड्यांवर टिकल्या चिकटवत बसलेल्या. चुकलं की मार. रडलं की जेवण नाही. तिचं नाव बदलून पिंकी ठेवलं होतं. शेजारी बसणाऱ्या एका पोरीला ताप आला, तो उतरेना. एक दिवस तिला खाली नेलं. ती परत आली नाही, आणि ती कुठं गेली असं विचारणाऱ्या पोरीला इतकं मारलं की पुन्हा कोणी विचारलं नाही.

अशा ठिकाणी लेकरं आपलं गाव विसरतात, बाई म्हणाल्या. आईचा चेहरासुद्धा पुसट होत जातो. मार खाऊन खाऊन हेच आपलं घर वाटायला लागतं. तिनं मात्र एक केलं. टिकल्या लावताना ती ओठातल्या ओठात तांड्याची बोली बोलत राहिली. आईला याडी म्हणायचं, तांड्याच्या नाईकाचं नाव अमुक, आमच्या बकरीचं नाव तमुक. तिथं ती भाषा कोणालाच येत नव्हती, म्हणून ती कोणी हिसकावून घेऊ शकलं नाही. अशी वर्षं गेली. मालकाला वाटायचं, पोरगी थोडी वेडसर आहे, पुटपुटते.

मग एका दुपारी खाली रस्त्याचं काम निघालं. फावड्यांचे, घमेल्यांचे आवाज. आणि त्या आवाजात एक बाई आपल्या लेकराला रागावली. तांड्याच्या बोलीत.

पोरीनं हातातली साडी टाकली आणि जाळीला तोंड लावून ओरडली, "याडी! ए याडी!"

"ती माझी आई नव्हती, ते मला म्हाईत व्हतं," बाई म्हणाल्या. "पन तोंडातून तेच निघालं."

खालची बाई थबकली. तिनं वर पाहिलं आणि त्याच बोलीत विचारलं, कोणत्या तांड्याची गं तू? पोरीनं तांडा सांगितला, नाईकाचं नाव सांगितलं, मला कोंडलंय म्हणून सांगितलं. त्या मजूर बायकांनी मग ना मुकादमाला विचारलं ना मालकाला. टिकाव घेऊन जिना चढल्या आणि कुलूप तोडलं. एकजण तिला कडेवर घेऊन खाली आली. कडेवर घ्यायचं वय केव्हाच उलटून गेलं होतं तरीही. बाकीच्या पोरीही बाहेर निघाल्या. पोलीस आले, मालक धरला गेला. पोरींना सरकारी बालगृहात ठेवलं आणि तिथं एक दिवस तिचा बाप येऊन उभा राहिला.

घरी आली तर अंगणात एक छोटी पोर खेळत होती. मागाहून झालेली बहीण. आईबापांनी तिला हिचंच नाव ठेवलं होतं. ही गेली ती गेलीच, असं धरून चालले होते. आता एका घरात एका नावाच्या दोघी. हाक मारली की दोघी ओ द्यायच्या. बाई हे सांगताना पहिल्यांदा हसल्या. त्यांनी बहिणीचं नाव बदलू दिलं नाही. म्हणाल्या, लेकराचं नाव बदललं की कसं वाटतं ते मला ठाऊक होतं.

पुढं ती लहान पोरांच्या वर्गात, सगळ्यांपेक्षा उंच, मागच्या बाकावर बसून शिकली. कंडक्टरची भरती निघाली तेव्हा बापानं विचारलं, दुसरं काही का नको? ती म्हणाली, हेच पाहिजे.

एवढ्यात मेकॅनिक आला आणि बाई उठून साडी झटकावी तसा ड्रेस झटकत्या झाल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. औंढ्याला एक माणूस चढला, सोबत आठेक वर्षांची पोरगी, अंगात नवा फ्रॉक, पाय मात्र भेगाळलेले. हिंगोलीला रेल्वे धरायची आहे म्हणाला. बाई वाकल्या, विचारलं. पोरगी गप्प. माणूस हसून म्हणाला, पुतणी आहे माझी, जन्मापासून मुकी.

बाईंनी मान डोलावली आणि तिकीट दिलं. मी आरशातून पाहत होतो. मला वाटलं, झालं. पण पुढची तिकिटं उरकून त्या परत मागं गेल्या आणि त्या पोरीच्या शेजारी टेकल्या. तिच्याकडं न बघता, सहज गप्पा मारल्यासारखं म्हणाल्या, "आमच्यात आईला याडी म्हनतेत. तुमच्यात काय म्हनतेत गं?"

पोरीचे ओठ हलले. "माय," ती म्हणाली.

बाई उठून माझ्यापाशी आल्या. आवाज अगदी रोजचा. "मामा, गाडी चौकीत घ्या. पोरगी बोलती."

गाडी भरलेली, कोणाला कोर्टात जायचं, कोणाला दवाखान्यात. तरी मी वेग वाढवला. चौकीचं वळण आलं तसं स्टिअरिंग फिरवलं. तो माणूस उठला आणि दाराकडं धावला. दाराशी एक म्हातारा धनगर काठी घेऊन बसला होता. त्यानं काठी दारात आडवी धरली आणि म्हणाला, "बस खाली. पोरीचं काय ते कळू दे."

कळलं. पोरगी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका वीटभट्टीवरची. आईबाप कामाला लागलेले असताना उचललेली. बोललीस तर मायला मारीन, अशी धमकी दिली होती, म्हणून मुकी. प्रवाशांना मागच्या गाडीत बसवून दिलं, पण तिची माय येईपर्यंत बाई चौकीतून हलल्या नाहीत. माय आली ती दारातच मटकन बसली आणि पोरगी धावत जाऊन तिच्यावर पडली. बाई भिंतीला टेकून ते बघत होत्या. रडल्या नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चला मामा, गाडी लावायची हाय."

डेपोत सत्काराचं ठरलं, शाल-नारळ आणला. बाई त्या वेळी मुद्दाम दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊन पुसेगावच्या फेरीवर. नारळ आम्हीच फोडून खाल्ला.

गेल्या वर्षी त्यांनी बदली मागितली, आणि मागितली ती त्याच शहरात, जिथं त्यांना कोंडलं होतं. मी चाट पडलो. विचारलं, बाई, काहून? दुनियेत दुसरं गाव न्हाई का?

"तिथं चारी बाजूंनी गाड्या येतेत मामा," त्या म्हणाल्या. "इचारायची खरी जागा तीच हाय."

त्या निघाल्या त्या सकाळी मी स्टँडवर गेलो. त्यांची आई आली होती. पहिल्यांदाच पाहिली. ठेंगणी, कपाळावर गोंदण. पस्तिशीच्या लेकीचं मनगट तिनं गच्च धरलेलं, बाजारात लहान पोराचं धरतात तसं. बाईही ते सोडवून घेत नव्हत्या. एका हातानं बॅग चढवली, एका हातानंच मला नमस्कार केला.

गाडीला डबल बेल झाली. म्हातारीनं लेकीकडं पाहिलं आणि एकेक बोट उचलत हात स्वतःच मोकळा केला. बाई पायरी चढल्या.

गाडी वळणाआड गेली तरी म्हातारी तिकडंच पाहत होती. मी म्हणालो, आई, चला, चहा घेऊ.

"घेऊ," ती म्हणाली. "ती बसू दे आधी जाग्यावर."