रुखवतातला साबण

आजोबांनी वडी तोंडात टाकली आणि चावली, तेव्हा मी रुखवताच्या टेबलापासून बरीच लांब, पंख्याखाली बसले होते. आधी तोंड वाकडं झालं. मग ओठाच्या कोपऱ्यातून पांढरा फेस आला.

"हाई काय शे?" ते ओरडले. "बठ्ठं तोंड जळी गयं!"

फेस दिसताच मी ओळखलं. ती वडी नव्हती. तो साबण होता, आणि तो करायला मीच शिकवलं होतं.

मी केमिस्ट. जळगावच्या एमआयडीसीत एका साबण कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेत होते. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून गावोगावच्या बायकांना घरगुती साबण शिकवायला लागले. निम्म्या बायका सर्टिफिकेटसाठी येतात, उरलेल्या घरातून सुटका म्हणून. साबणासाठी येणारी एखादीच. फैजपूरच्या बॅचमध्ये ती वंदना होती. नवऱ्याने सोडलेली, जवळच्याच गावात भावाकडे राहायची. हे लग्न भावाच्या मुलीचं, पूनमचं. फेस आलेले आजोबा नवरदेवाचे, वरात धुळ्याकडची.

साबणात गंगाफळ घालायचं हे वंदनाचंच डोकं. गंगाफळ म्हणजे लाल भोपळा. त्यांच्या परसात दरवर्षी वेल पसरायचा, निम्मी फळं वाया जायची.

"मॅडम, याचा गर घातला तं चालीन का?"

"चालेल," मी म्हटलं, "पण तो नखरे करतो."

आम्ही करतो त्याला कोल्ड प्रोसेस म्हणतात. तेल घ्यायचं, त्यात पाण्यात विरघळवून गार केलेला कॉस्टिक सोडा ओतायचा आणि घोटायचं. चुलीवर काही शिजवायचं नाही. मिश्रण पिठल्यासारखं दाट झालं की साच्यात. पुढची उष्णता त्याची त्यालाच सुटते. गर घालायचा तर तो उकडून, अगदी गुळगुळीत वाटून, थोड्या पाण्याच्या जागी घालायचा. पण गरात साखर असते आणि साखरेने साबण जास्त तापतो. म्हणून झाकायचा नाही, गार जागी पंख्याखाली ठेवायचा. त्यात आमचा खान्देशचा उन्हाळा!

वंदनाने पहिल्या खेपेला साच्यावर गोधडी पांघरली. कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं म्हणे. सकाळी साबण साच्यातून वर येऊन फळीवर पसरला होता. तिची वहिनी मला फोनवर म्हणाली, "मॅडम, हे काय रांधू राह्यली ही? लेकराबाळाचं घर हाये आमचं!"

वहिनीचं काही चूक नव्हतं. कॉस्टिक हातावर पडलं तर कातडी सोलते. स्वयंपाकघरात ते ठेवायचंच नाही, हा माझ्या क्लासचा नियम. वेगळी खोली पाहिजे, तिला कडी पाहिजे. वंदनाच्या भावाच्या घरात मागे एक खोली होती, कापूस ठेवायची. वंदनाला दुसरं काही नको होतं. ना दागिना, ना साडी. ती खोली पाहिजे होती. खोली मिळाली तर धंदा, नाही तर वहिनीच्या हाताखाली भांडी.

भाऊ तसा मनाने बरा. म्हणाला, "पूनमच्या लग्नात रुखवतात मांड तुझा साबण. लोकांनी नाव काढलं तं खोली तुझी." अख्खं गंगाफळ बाईने फोडायचं नाही, पहिला घाव पुरुषाने घालायचा, अशी त्यांच्याकडे रीत. तो घावही त्यानेच घातला. "घे, झालं तुझ्या कारखान्याचं उद्घाटन!" म्हणत हसला. वंदना मला हे सांगत होती तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

साबण ताजा वापरायचा नसतो. महिनाभर तरी हवेवर मुरवावा लागतो, मग तो कडक आणि सौम्य होतो. वंदनाने लग्नाच्या तारखेवरून उलटा हिशेब करून आधीच परसात घाणा काढला. मी मुद्दाम गावी जाऊन तपासला. आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. ओलं बोट साबणावर घासायचं आणि जिभेच्या टोकाला लावायचं. कॉस्टिक उरलं असेल तर बॅटरीचा सेल चाटल्यासारखा झटका बसतो. झटका बसला नाही. नुसती साबणाची कडवट चव. रंग म्हणाल तर केशरी, वरून काही न घालता. कंपनीत इतकी वर्षं काढली, पण असा साबण माझ्या हाताखालून गेला नव्हता. कौतुक मला पटकन जमत नाही, तरी मी तिची पाठ थोपटली.

तिने त्याच्या चौकोनी वड्या पाडल्या होत्या आणि प्रत्येकीवर गंगाफळाची एक बी रोवली होती.

"अगं, ही तर बर्फीच दिसतेय," मी म्हटलं. "वर चिठ्ठी लाव. आणि फराळापासून लांब मांड."

तिने तसंच केलं. लग्नाच्या दिवशी सकाळी मी स्वतः पाहिलं. वेताची टोपली, तिला बांधलेली चिठ्ठी, मोठ्या अक्षरात 'साबण', आणि टोपली थेट क्रोशाच्या रुमालांशेजारी. लाडू, शेव, करंज्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. मी निर्धास्त होऊन पंख्याखाली जाऊन बसले.

आणि आता आजोबांच्या तोंडाला फेस.

मी धावले. कुणी लिंबू पिळायला निघालं होतं, कुणी म्हणत होतं उलटी करवा. "काही देऊ नका! थुंका, आधी चुळा भरा, भरपूर पाणी घ्या," मी कंपनीतल्या आवाजात ओरडले. तो आवाज अजून शाबूत आहे. आजोबांनी चुळा भरल्या. वऱ्हाडातच एक डॉक्टर निघाले. त्यांनी तोंड पाहिलं. तंबाखूने आधीच सोललेलं, त्यावर साबण झोंबला, ओठ जरा सुजले. घाबरायचं कारण नाही, म्हणाले. पुढे खरंच काही झालं नाही.

पण तोवर नवरदेवाचे काका तापले होते. "म्हाताऱ्याला विष चारता का? कोणी मांडलं हे ताट? ते आधी कळू द्या, मग अक्षता!" त्यांच्याकडची चार माणसं उठून उभीही राहिली.

मी टेबलाखाली पाहिलं. वंदनाची टोपली तिथे पालथी पडली होती, चिठ्ठी तशीच बांधलेली. टेबलावर लाडू आणि करंज्यांच्या मध्ये स्टीलच्या ताटात साबणाच्या वड्या छान रचलेल्या. शेजारी वहिनी, तोंडाला पदर लावून. वंदनाही धावत माझ्याजवळ आली होती.

"बर्फी कमी पडली होती," ती आम्हा दोघींनाच ऐकू येईल असं पुटपुटली. "ओळ रिकामी दिसू राह्यली होती मॅडम. नुसतं शोभेला मांडलं. रुखवताला एवढ्या लवकर हात घालतीन, असं वाटलं नाही."

वरपक्षाने रुखवतातलं उचलून खायचं, ही तर चालत आलेली गंमत. तिला ते माहीत नव्हतं असं थोडंच आहे! घाईत डोकं चाललं नाही, एवढंच.

भाऊ गर्दीतून पुढे आला. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. सरळ बहिणीकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात वंदनाने माझं मनगट घट्ट धरलं.

"मॅडम, ती पोरीची माय हाये," ती हळूच म्हणाली. "माईनं केलं म्हटलं तं पूनमला जन्मभर सासरी ऐकून घ्यावं लागन. मी काय, आत्या."

मग मोठ्याने म्हणाली, "मी मांडलं ताट. चूक माझी हाये." आणि जाऊन आजोबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

आजोबा माणूस दिलदार. सुजल्या ओठांनी म्हणाले, "जाऊ द्या भो, मी काय मरनू नही!" लोक हसले. काका खाली बसले. अक्षता पडल्या.

मांडवातच भाऊ वंदनाला म्हणाला, "आजपासून साबण बंद. ते कॉस्टिक उद्या घरात दिसलं नाही पाहिजे." ती हो म्हणाली आणि पंगतीत वाढायला गेली. मीही पंगतीला बसले, तिने मलाही वाढलं.

निघताना मी वहिनीला गाठलं. "खरं काय ते नवऱ्याला सांगा."

"सांगते ना मॅडम. पोरीची पाठवणी तं होऊ द्या."

पाठवणी झाली. पहिला सण झाला. तिने सांगितलं नाही. मी सांगते म्हटलं, तर वंदनाने फोनवर शपथ घातली. मला शपथांचं काडीचं कौतुक नाही, तरी ही मोडवली नाही. आणि आज म्हणाल तर त्याचीच रुखरुख आहे. एवढा चांगला साबण, आणि करणारी आता भावाचं घर सोडून रावेरला राहते, केळीच्या पॅकिंगला जाते. फण्या धुते, पुसते, खोक्यात भरते. फोन केला तर विचारते, "मॅडम, नव्या बॅचला गंगाफळ शिकवलं का?" मी विषय बदलते.

मध्यंतरी वहिनीचा फोन आला. आवाज अगदी गोड.

"मॅडम, रुखवतातला उरलेला साबण पूनमच्या सासरी गेला होता ना, तो बठ्ठ्यांना आवडला. आजोबांना तं दुसरा चालतच नाही आता. पूनम मागू राह्यली. तुम्ही मला कृती द्या, मीच करते. मागची खोली रिकामीच पडली हाये."

मला आधी हसू आलं, मग संताप.

"वहिनी, कृती वंदनाची आहे," मी म्हटलं. "रावेरला जा आणि तिच्याकडूनच घ्या. जाताना भाऊंना सोबत न्या, आणि त्या दिवशी ताट कोणी मांडलं ते वाटेत त्यांना सांगा."

फोन कट झाला. रावेरला कोणी गेलं नाही. परवाच वंदनाला विचारलं.

क्लासमध्ये आता मी कॉस्टिकच्याही आधी एक नियम सांगते. साबण खाऊसारखा कापू नका, कापलात तर नजरेआड करू नका. बायका हसतात. ताट दुसऱ्याने मांडलं तरी साबण आपला असतो, आणि खरं बोलायची वेळ येते तेव्हा सगळे पंगतीला बसलेले असतात. मीसुद्धा बसले होते.