वकिलीपेक्षा चहावर भिस्त

माझ्या ताईच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या काकांनी, जन्मभर अकोल्यात वकिली केली, पण त्यांचा विश्वास कायद्यावर नव्हता; होता तो चहावर. माणसाच्या शरीरात आणि माणसामाणसांत जे काही बिघडतं, ते उकळत्या पाण्यात आलं ठेचून टाकल्याशिवाय दुरुस्त होत नाही, असं त्यांचं ठाम मत. अर्धशिशी, अपचन, परीक्षेची धास्ती, मुलीकडच्यांचा नकार, सगळ्यांवर उपाय एकच. फक्त आलं कमीजास्त. मे महिन्यात अकोल्याचं डांबर चपलेला चिकटत असताना कूलरसमोर टेकलेल्या पाहुण्याच्या हातात ते वाफाळता कप द्यायचे आणि तो कळवळला की म्हणायचे, "पी बाप्पा. आतून घाम आला का बाहेरचं ऊन लागत नाही."

चहा हृदयाला चांगला, अशी एक बातमी त्यांनी पेपरातून कापून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली होती. ताईनं ती शेवटपर्यंत वाचली, तर ती निघाली बिनदुधाच्या, बिनसाखरेच्या चहाबद्दल, आणि तोही बेतानं प्यावा, असं खाली लिहिलेलं. तिनं ते दाखवलं, तेव्हा काका जरासुद्धा डगमगले नाहीत. "ते बाहेरच्या देशातल्या लोकाइसाठी हाय, सूनबाई. त्याइच्याकडे आपल्यासारख्या म्हशी कुठी?" पुढे त्यांची साखर वाढली आणि घरचे डॉक्टर दटावायला म्हणून मुद्दाम घरी आले. काकांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, त्यांच्या मुलाचं लग्न का जमत नाही ते सगळं ऐकून घेतलं. निघताना डॉक्टर "साखर बंद करा" एवढंच म्हणाले. चहाचं नाव काढायचं राहूनच गेलं. काकांनी साखर खरोखर सोडली. फिक्का चहा पिताना त्यांचा चेहरा एखाद्या व्रतस्थासारखा व्हायचा.

पण त्यांचा खरा पराक्रम कोर्टाजवळच्या त्यांच्या खोलीत. बार्शीटाकळीचे दोन चुलतभाऊ शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोर्टात आले होते. काकांनी आपल्या अशिलाबरोबर दुसऱ्यालाही बोलावून घेतलं आणि दोघांच्या मध्ये एकच कपबशी ठेवली. "कप एकाले, बशी एकाले. वाटून घ्या. मंग धुरा पाहू." बशीवाल्यानं एवढ्या जोरात फुंकर मारली की चहा त्याच्याच मिशांवर उडाला. कपवाल्याला हसू आवरेना. त्या दिवशी काकांच्या हातचा एक चांगला लांबणारा खटला गेला. तरुण वकील थट्टा करत, तेव्हा काका सांगायचे, "गरम चहा घाईनं पेता येत नाही न, गड्या. तेवढा वेळ माणूस समोर बसून राह्यते. तेच औषध हाय."

अशा माणसाचं सख्ख्या थोरल्या भावाशी बोलणं नव्हतं. हे मला ताईनं सांगितलं, तेव्हा आधी खरंच वाटेना. दादा अंजनगाव सुर्जीला राहून घरची शेती पाहायचे. आई त्यांच्याकडेच होती. ती अत्यवस्थ असल्याचा फोन आला, तेव्हा काका एका सुनावणीत गुंतले होते. ती आटोपून ते पोचले, तोवर लोक स्मशानातून परत आले होते. भरल्या अंगणात दादा म्हणाले, "आता कायले आला? झाली का तुही तारीख?" शेजारच्या घरून आलेला चहा दादांच्या बायकोनं, वहिनींनी, पुढे केला. काकांनी तो घेतला नाही. तसेच फिरले आणि परतीच्या गाडीत बसले. त्यानंतर दोघांच्या घरची लग्नंसुद्धा एकमेकांशिवाय झाली.

मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, दादांना एकदा चहाला बोलवा ना."

"तो मोठा हाय. त्यानं बोलवावं," ते म्हणाले, आणि चहा गाळता गाळता पुढे, "दुसऱ्याचं भांडण सोडवनं लय सोपं असते."

गेल्या हिवाळ्यात दादांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. मुलानं त्यांना अमरावतीला आपल्या घरी आणलं. वहिनींनी स्वतः फोन केला, "भाऊजी, येऊन जा." काकांनी मला गाडी काढायला लावली. मूर्तिजापूरला मी नेहमीप्रमाणे चहासाठी थांबलो, तर त्यांनी खिडकीतूनच हात हलवला, नको म्हणून. मी एकट्यानं घेतला. तो गोड लागला नाही.

दादा पलंगावर उशांना टेकून बसले होते. काका शेजारी बसले. वहिनींनी कप आणला. "चमच्यानं थोडा थोडा पेतात," म्हणाल्या. काकांनी त्यांच्या हातून चमचा घेतला, चहावर फुंकर घातली आणि भावाच्या ओठांशी नेला. दादांनी तो घेतला. दुसराही घेतला. चादरीवर थेंब सांडले. "दादा," ते हळूच म्हणाले, "मी तवा यायले पायजे होतं." आणि त्यांनी पुढचा चमचा नेला. दादांनी ओठ मिटून घेतले. काकांनी थोडं थांबून पुन्हा नेला. दादांनी मान भिंतीकडे वळवली.

आम्ही परत आलो. पुन्हा जायचं ठरत होतं, तोवर दादा गेलेच.

काका अजून चहा करतात, आल्यागेल्याला पाजतात. त्याचे गुण मात्र आता सांगत नाहीत. मी गेलो की दोन कप ठेवून समोर बसतात आणि हमखास विचारतात, "तू तं होता तिथं. तुले काय वाटलं? त्याले पुरे झालं होतं, का तो रागावून होता?"

"पुरे झालं असेल, काका. आजारी माणूस पिऊन पिऊन किती पिणार?"

ते मान हलवतात. मग खिडकीबाहेर पाहत म्हणतात, "हो. तसंच असन." त्यांच्या कपावर साय धरू लागलेली असते.