अख्खा काजूगर

ऐंशीच्या दशकात मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी आजही छाती काढूनच सांगतो. त्याच वर्षी ताईला सासरच्यांनी माहेरी आणून सोडली. कारण काय, तर चुलीवर भात ठेवते आणि विसरते.

लांज्याच्या एका काजू कारखान्यात बायका कामाला घेत होते. तिथल्या मुकादमीणबाईंनी ताईला भाजलेल्या बियांची पिशवी दिली. "घरी हात बसव. आठ दिवसांनी बघते. गर अख्खा निघाला पायजे." ताईला ते काम हवंच होतं. भावाच्या जिवावर राहायचं नव्हतं तिला.

शिकवायला मी बसलो. पडवीत जांभ्याचा चिरा, लाकडी हातोडी, चिकाने हात भाजू नयेत म्हणून राख. दुपारपर्यंत उठायचं नाही, असा नियम केला. पहिल्या दहा-बारा बिया नीट फुटायच्या. मग नजर कोंबड्यांकडे, वाटेवरच्या माणसाकडे, आणि गराचा चुरा. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून.

"डोकं कुठे असतं गो तुझं?"

"तुजी बी.ए. ठेव फळीवर. मी काय तुज्या शाळेत हाय?"

तिसऱ्या दिवशी गुणपत्रिका आणायला मी रत्नागिरीला गेलो. दुपारच्या एसटीने परतलो, तर ताई चार बिया फोडी, उठून गुरांना पाणी दाखवी, परत येऊन चार फोडी. ओरडणार होतो. सुपात बघितलं, गर अख्खे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तर आईशी बोलता बोलता तिचा हात नेमका पडत होता. कालचं हाताला आठवत होतं.

पुढे मास्तर झाल्यावर एका शिबिरात एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं, हा शब्द कळला. अशी माणसं थोडं थोडं, मधे उठत-बसत शिकली तर शिकलेलं टिकतं, असं तिथे ऐकलं. ताईला तेच होतं का, मला सांगता येणार नाही. आम्ही तिला बेफिकीर म्हणत आलो, एवढं खरं.

त्या सकाळी मी म्हणालो, "बघ, माझ्या शिकवणीचा गुण."

तिने हाताला राख चोळून पुढची बी उचलली.

आठव्या दिवशी मी कारखान्याबाहेर थांबलो. ती आली.

"काय म्हणाल्या?"

"आईला सांगते घरी."

एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी पोचल्यावर सरळ चुलीपाशी गेली. "आये, सोमवारपास्न जायचाय. मधेमधे लय उठतेस बोलली, पन घेतलान माला."

आईचं रडणं मला पडवीत ऐकू आलं. आत जायचा धीर झाला नाही.