ब्रेकमधला ‘अगं’

नवरा वारल्यानंतर चौथ्या महिन्यात तो आमच्या गाडीत परत आला. पहिल्यांदा बोलला तो दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर, भर सकाळी, लाल सिग्नलला. मी ब्रेक दाबला आणि पुढच्या डाव्या चाकातून आवाज आला, "अगंऽऽ!"

हसू नका. ज्या बाईनं वीस वर्षं शेजारच्या सीटवरून हा शब्द ऐकलाय, तिला तो ओळखता येतो. ‘अ’ घशातला, खरखरीत. मग ‘गं’ वर चढत चढत बारीक होणारा. अगं, समोर बस आहे. अगं, गिअर. गाडी पुढचं वाक्य गाळत होती, एवढाच फरक. मी दचकून डावीकडे बघितलं. सीटवर माझा जेवणाचा डबा होता. मी डब्याला म्हटलं, "दिसलाय मला सिग्नल."

अंगावर काटा आला होता, पण खोटं कशाला बोलू, आनंदही झाला होता. मी मेट्रो सोडली आणि फरीदाबादहून रोज गाडीनं ऑफिसला जायला लागले. जिथे गरज नाही तिथेही ब्रेक दाबायचे. मोकळ्या रस्त्यावर मागचे लोक हॉर्न मारायचे, आणि मी आपली कान देऊन बसलेली.

हे असं दोन महिने चाललं. मग मुलीला नोएडात नोकरी लागली आणि ठरलं की सोमवारपासून गाडी ती नेणार. शनिवारी सकाळी ती सरावाला बसली. पहिल्याच वळणावर तिनं कान टवकारले.

"आई, ब्रेक पॅड संपलेत यार. बाबा असते तर ओरडले असते."

"ओरडतोयच की," मी म्हणाले.

तिला कळलं नाही. मला मात्र सगळं कळत होतं. तो जिवंत असताना आमच्या गाडीचे ब्रेक स्वतः करायचा, आणि पॅड झिजले की असा आवाज येतो, हे त्यानंच मला शंभरदा सांगितलं होतं. दोन महिने मी झिजलेल्या ब्रेकवर गाडी हाकत होते ती एकटी. आता त्यावर मुलगी बसणार होती. आवाज घालवायचा, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तरी मी दुपारपर्यंत विचार केला.

मेकॅनिककडे नेली असती तर त्यानं खांद्यात मोबाइल धरून, कुणाशी तरी गप्पा मारत, अर्ध्या तासात त्याला गप्प केलं असतं. ते मला चालणार नव्हतं. नवऱ्याला गप्प करायचंच तर मीच करीन, बायकोचा तेवढा हक्क असतो.

पंचाईत एवढीच की हत्यारं नव्हती. त्याची पेटी मीच नागपूरला धाकट्या दिराला देऊन टाकली होती. दिराला फोन लावला.

"वहिनी, मेकॅनिककडे द्या ना गाडी."

"द्यायची असती तर तुम्हाला कशाला फोन केला असता, भाऊजी? पाने कुठले लागतात ते सांगा."

"दादा चौदा नंबरचा वापरायचा. आणि एक पातळ, सतराचा. पण वहिनी, तुम्ही?"

मी फोन ठेवला आणि दोन्ही चाकांचे नवे पॅड विकत घेऊन थेट हत्यारांच्या दुकानात गेले. काउंटरवर नाकावर चष्मा घसरलेले एक वयस्क दुकानदार होते. मी ऐटीत म्हणाले, "ब्रेक खोलना है. सामान दिखाइए."

"चाबी दूँ?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, गाडीची किल्ली मागताहेत, मॉडेल बघायला. मी पर्समधून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "मैडम, इससे तो दरवाज़ा खुलेगा."

पंचवीस वर्षं दिल्लीत काढली, फायलींवर हिंदी लिहिली, भाजीवाल्यांशी हिंदीत भांडले. पण इथे पान्याला ‘चाबी’ म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं, कारण आमच्या घरी तो ‘पाना’च होता. ती सगळी हत्यारं मला मराठीत, नवऱ्याच्या आवाजात ठाऊक होती. काउंटरपाशी उभी राहून मी ‘पाना, पाना’ पुटपुटले, आणि मानेवर कुणीतरी श्वास सोडल्यासारखं झालं. मागे दारातून गरम वारा येत होता. वाराच होता.

मी आधी कमी-जास्त करता येतो तो पाना उचलला. एकच घेतला की सगळ्याला पुरतो, असं माझं गणित.

"ना, ना. ब्रेक के बोल्ट पर ये फिसलेगा. बोल्ट के कान गोल हो जाएँगे, फिर रोओगी." त्यांनी चौदा नंबरची गोटी काढली. गोटी म्हणजे बोल्टवर टोपीसारखी बसणारी नळी. आत बोट फिरवून मला कोपरे मोजायला लावले. "छह होने चाहिए. बारह वाली मत लेना, पकड़ कम है." मग दांडा. मी छोटासा, नाजूक निवडला. त्यांनी माझा हात बघितला आणि लांब दांडा पुढे केला. "हाथ छोटा है, तो हैंडल लंबा लो. ज़ोर कम लगेगा."

शिवाय मागची पिन धरून ठेवायला सतराचा पातळ पाना, पॅडला ढकलणारा दट्ट्या मागे दाबायला एक मोठा सी क्लॅम्प आणि गाडी टेकवायला दोन लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका, हे त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये चटई टाकली. चाक निघालं आणि मी वाकून आत पाहिलं. चौदाच्या बोल्टवर एक लाल रेघ होती, बोल्टवरून खालच्या लोखंडापर्यंत सरळ ओढलेली. बोल्ट जरा जरी सैल झाला तर रेघ तुटलेली दिसावी, म्हणून केलेली खूण. रंग करपला होता, पण ओळखीचा होता. ते माझं नेलपॉलिश होतं.

"आई!" मुलगी ओरडली. "ती बाटली मी घेतली नव्हती, सांगत होते ना!"

खरंच सांगत होती. तिच्यावर आठवडाभर आग पाखडली होती मी, आणि तो शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत होता.

रेघ अखंड होती. त्यानं आवळलेलं अजून जागचं हललं नव्हतं. मी गोटी बसवली, लांब दांडा धरला, आणि थांबले.

"आई, मी करू?"

"नको."

जोर लावला. ‘टक्’ झालं आणि रेघेचे दोन तुकडे झाले.

जुना पॅड बाहेर काढला. त्याच्या कडेला पत्र्याची चिमुकली जीभ होती, घासून चकचकीत झालेली. दोन महिने बोलत होती ती हीच. नखाएवढी. मी तिला टिचकी मारली. काहीच म्हणाली नाही.

दट्ट्या हळूहळू मागे दाबला, नवे पॅड बसवले. मुलीच्या हातात दांडा देऊन म्हणाले, "आता आवळ."

"आवळा?"

"आवळ! टाइट कर गं बाई!"

दुसऱ्या बाजूचंही तसंच केलं. गाडी खाली उतरवून मी ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल सरळ तळाला गेलं. विरोध नाही, काही नाही, पोकळीत पाय पडल्यासारखं. मुलगी समोर उभी होती. पुन्हा दाबलं, पुन्हा खोल. तिसऱ्यांदा अर्ध्यावर अडलं. चौथ्यांदा पायाखाली दगडासारखं घट्ट लागलं. पॅड बदलल्यावर तो असाच बसून पाय आपटायचा. मला नाटक वाटायचं ते.

कॉलनीत दहाच्या वेगानं पाच फेऱ्या मारल्या. दर वेळी गाडी थांबली, सरळ, मऊ, मुकाट.

सोमवारी मुलगी संध्याकाळी नोएडाहून परतली तेव्हा मी गॅलरीत होते. गाडी गेटपाशी येऊन थांबली आणि थांबलेलीच राहिली. शेवटी तिनं हॉर्न दिला. चौकीदार केबिनमधून धावत आला, गेट ढकललं आणि वर माझ्याकडे बघून म्हणाला, "सॉरी आंटी, रोज तो आवाज़ से ही उठता था. आज गाड़ी कब आई, पता ही नहीं चला."