अप्पांच्या डब्याचा अडॅप्टर

अप्पा गेल्यावर अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, त्यांच्या फोटोमागे रंगीत लाइटची पट्टी लावून घेतली. लाल, हिरवा, निळा असा उजेड फ्रेमभोवती आळीपाळीनं फिरतो. आयुष्यभर पांढरा सदरा घालून शाळेत गेलेले माझे वडील त्या उजेडात बारच्या पाटीसारखे दिसतात. येणारेजाणारे "छान केलंय की" म्हणतात, अण्णा फुगतो आणि मला किळस येते. आईला यातलं काही दिसत नाही. तिची नजर जवळजवळ गेलीच आहे.

तिला अप्पा उरलेत ते आवाजापुरते. निवृत्तीनंतर परदेशातल्या नातीसाठी ते मोबाइलसमोर बसून कलघटगीच्या शाळेतल्या गोष्टी सांगायचे. नातीकडचे व्हिडिओ तिचा फोन हरवला तेव्हाच गेले. आमच्याकडचे हार्ड डिस्कच्या एका डब्यात आहेत आणि तो डबा टीव्हीला जोडलेला आहे. दुपारचा चहा झाला की आई टीव्हीसमोर बसते, डोळे मिटते आणि ऐकते. मधेच त्यांना उत्तरही देते.

खंडेनवमीला अण्णानं घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा मांडली. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन आणि हौसेला मोल नाही म्हणून हा डबासुद्धा, तोही चालू. गंध लावलं, विभूतीचे पट्टे ओढले आणि फुलानं पाणी शिंपडलं ते नेमकं अडॅप्टरवर. फट् झालं, जळका वास सुटला. डब्याला पाणी लागलं नव्हतं हे नशीब. मी ओरडलो तर अण्णा म्हणतो, "देवाचं पाणी आहे ते. त्यानं काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर आईनं विचारलं, "आज हे बोलणार नाहीत काय रे?"

कंपनीला फोन केला. ते मॉडेल बंद झालं, नवा डबा घ्या, म्हणाले. म्हणजे चपलेचा अंगठा तुटला तर पाय बदला. मग जळका अडॅप्टर खिशात घालून आमच्या या कानडी गावातल्याच लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराला कन्नडमधून सगळं समजावलं: बारा व्होल्ट, दोन अँपिअर, पिनेच्या आत धन, बाहेर ऋण. त्यानं त्यावरचं वाचायचेही कष्ट घेतले नाहीत. छताला टांगलेल्या घोसातून एक ओढला आणि म्हणाला, "तगोरी सर, यल्ला वंदे." घ्या, सगळे एकच! पिन ढिली बसत होती. त्यावरही उपाय तयार. थोडा कागद गुंडाळा की, नडीतैती.

नडीतैती, म्हणजे चालतंय. या एका शब्दावर आमचं अख्खं गाव चाललंय. रस्ता खणून तसाच सोडला, नडीतैती. नळाला गढूळ पाणी आलं, नडीतैती. मला त्या शब्दाचा वीट आलाय.

पुढच्या दुकानात पिन घट्ट बसणारा मिळाला. वर छापलेलं सगळं बरोबर, हाताला वजनही चांगलं. घरी लावला तर डबा घरघरत सुरू व्हायचा आणि दोन क्षणांत बंद पडायचा. ती घरघर ऐकली की आई दर वेळी सावरून बसायची, पदर नीट करायची. मला ते बघवेना. शेवटी मी तो अडॅप्टर फोडलाच. आत बोटाएवढं सर्किट आणि शेजारी चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. नुसता वजनासाठी! परत नेऊन दाखवला तर दुकानदार हसला. "हलकं असलं तर लोक घेत नाहीत की हो, सर." ना लाज, ना शरम. तो तुकडा त्याच्या काउंटरवर आपटला आणि घरी आलो.

आभाळ भरून आलं होतं म्हणून अण्णानं हॉलमधली ट्यूब लावली होती. फोटोची रोषणाई चालूच होती. तिच्याकडे रागानं बघताना हाराखाली लोंबणारी वायर दिसली, आणि तिच्या टोकाला एक काळा अडॅप्टर. वाकून वाचलं. बारा व्होल्ट, दोन अँपिअर, धन-ऋणाची खूणही तीच. पिन क्षणभर काढून खिशातल्या जळक्या अडॅप्टरच्या पिनेशी ताडून पाहिली, मापही तेच, आणि परत लावली. ज्या उजेडाला मी नावं ठेवत होतो, त्याच्याच बुडाशी घरातला एकमेव खरा माल होता. माझं मलाच हसू आलं, तेही कडूच.

मी तो सॉकेटमधून काढायला गेलो तर अण्णा आडवा आला. "अप्पांच्या फोटोला अंधार करतोस? लोक काय म्हणतील?" आमची जुंपली. भिंतीला धरत धरत आई आली.

"कशावरून भांडायला लागलाय?"

मी सांगितलं. ती चाचपडत फोटोपाशी गेली, वायरीवरून हात फिरवत खाली आली आणि अडॅप्टर उपटून माझ्या हातात दिला. अण्णाला म्हणाली, "फोटो लोकांना दिसतोय रे. मला हे बोललेले पाहिजेत."

फोटोमागचा उजेड गेला. अण्णा तोंड फिरवून खुर्चीत बसला. डबा सुरू झाला आणि या वेळी सुरूच राहिला. अप्पा शाळेच्या घंटेची गोष्ट सांगत होते. सांगता सांगता थांबले, मान वर केली आणि कुणावर तरी खेकसले, "दिवसाढवळ्या ट्यूब कुणी लावलीय रे? घालव आधी! बिल काय तुझा सासरा भरतो?"

अण्णा निमूटपणे उठला आणि त्यानं ट्यूब घालवली.